अंगठ्यातला ठोका

त्याचा चेहरा पाहण्याआधी मी त्याचा अंगठा ऐकला.

हे वाक्य कुणापुढे बोलले की लोक जरा बिचकून माझ्याकडे बघतात; पण आमच्या कामात असंच असतं. त्या दुपारी खरं तर माझी पाळी खालच्या वॉर्डात होती. मैत्रिणीने ऐनवेळी दांडी मारली आणि इन्चार्ज सिस्टरनी मला वर पिटाळलं. "कोपऱ्यातली खोली. तुटलेला अंगठा जोडलाय. दर तासाला ऐकायचा, आणि ऐकू आला नाही तर धावत सुटायचं. विचार करत बसायचं नाही."

कोपऱ्यातली खोली म्हणजे नुसती भट्टी. जोडलेल्या अवयवाला गारवा सोसत नाही, रक्तवाहिन्या आक्रसतात. म्हणून खिडक्या बंद, हीटर सुरू आणि हातावर एक पिवळा दिवा. पलंगाचा पडदा ओढलेला होता. पडद्याच्या फटीतून बाहेर आलेला एक हात तेवढा उशीवर पडला होता. बँडेजमध्ये गुंडाळलेला, आणि त्यातून अंगठ्याचं टोक डोकावणारं. त्या हाताच्या मागे माणूस आहे की नाही, देव जाणे. खोलीत श्वासाचासुद्धा आवाज नव्हता.

मी खिशातून डॉप्लर काढला. मोबाइलएवढं यंत्र, त्याला वायर, आणि वायरीच्या टोकाला पेन्सिलीसारखा प्रोब. टोकाला थेंबभर जेल लावायचं, कातडीवर तिरका टेकवायचा, आणि आत रक्त धावत असेल तर यंत्र ते ऐकवतं. जादूबिदू काही नाही. आपल्या कानाला न कळणारा आवाज आत जातो, धावत्या रक्तावर आपटून बदलतो आणि परत येतो, एवढंच. तरी त्या बंद खोलीत, त्या एकट्या हातावर तो टेकवताना मला उगाचच कसंतरी झालं...

हूश्... हूश्... हूश्...

संथ, भरदार ठोका. माझा जीव भांड्यात पडला.

"कसा आहे?" पडद्याआडून कुणीतरी विचारलं.

मी एवढी दचकले की प्रोब हातातून सुटला. "क्—कोण?"

"अंगठा. माझी चौकशी तुम्ही अजून केलेलीच नाही."

मी पडदा सर्रकन ओढला. उशीला टेकून एक तरुण बसला होता. दाढी वाढलेली, डोळे दमलेले, पण हसरे, आणि कान... कान जरा मोठेच. त्या कानांमुळे तो सारखा काहीतरी ऐकत असल्यासारखा दिसायचा. पुढे कळलं की तो खरंच ऐकत असायचा.

"श्वास रोखून बसायची सवय आहे का तुम्हाला?" मी फणकाऱ्याने विचारलं.

"धंद्याची सवय. ऐकायचं असेल तर आपल्याला गप्प बसावं लागतं. परत लावा ना ते. छान वाजत होतं."

मी परत प्रोब टेकवला. त्यासाठी वाकले तशी माझी एक बट कपाळावरून सुटून त्याच्या मनगटाजवळ लोंबली. हूश्... हूश्... हूश्-हूश्-हूश्-हूश्.

सगळी खोली त्या आवाजाने भरली. आम्ही दोघंही यंत्राकडे बघत राहिलो. एकमेकांकडे बघायची सोयच नव्हती.

"यंत्र बिघडलंय बहुतेक," तो हळूच म्हणाला. कानांच्या पाळ्या लाल झाल्या होत्या.

"कालच तपासून आलंय," मी म्हणाले.

त्याचं काम ऐकण्याचं होतं. पाणीखात्यात गळती शोधणारा तो. रस्त्याखाली कुठे नळ फुटला असेल तर वर काही दिसत नाही. मग हा पहाटेच्या शांततेत लोखंडी कांडी घेऊन जायचा, एक टोक झडपेवर टेकवायचा, दुसरं कानाला लावायचा, आणि खाली पाणी कुठे वाहतंय, कुठे निसटतंय ते सांगायचा. खात्यात त्याला 'कानसेन' म्हणत. चेंबरचं लोखंडी झाकण उचलताना साथीदाराच्या हातून ते निसटलं आणि याच्या उजव्या हाताचा अंगठा गेला. साथीदाराने तो बर्फात घालून आणला, आमच्या सर्जन मॅडमनी आदल्या दिवशी अख्खी दुपार डोळ्यांना भिंग लावून तो परत शिवला.

"आपल्या दोघांचा धंदा एकच," तो म्हणायचा. "तुम्ही कातडीखालचं ऐकता, मी रस्त्याखालचं."

"माझ्या गिऱ्हाइकांना नावं असतात."

"माझ्याही. त्या चौकातल्या झडपेला आम्ही 'मावशी' म्हणतो. सदानकदा कुरकुरते."

असं हसत-हसवत तास सरायचे. डॉप्लर घेऊन मी सगळं हॉस्पिटल पालथं घालायची. सकाळी मधुमेहाच्या आजी-आजोबांचे पाय: घोट्याला पट्टा बांधायचा, फुगवायचा, ठोका कुठे थांबतो आणि कुठे परत येतो ते ऐकायचं, म्हणजे पायात रक्त पुरतं उतरतंय की नाही ते कळतं. मग बाळंतिणींच्या वॉर्डातून निरोप यायचा, कारण तिथलं यंत्र माझ्याशिवाय सगळ्यांवर रुसलेलं. तिथलं यंत्र वेगळं, प्रोब जाडजूड, पण ऐकणारी मीच. आणि या सगळ्या पाया-पोटांच्या मधून दर तासाला एक अंगठा. मी पदर... छे, युनिफॉर्मला कुठला पदर! — केस सारखे करून खोलीत शिरायची, आणि तो यंत्र लावायच्या आधीच डोळे मिटून घ्यायचा.

"डोळे का मिटता?"

"तुम्हाला पाहिलं की आकडा चुकतो. इन्चार्ज सिस्टर परवा ओरडल्या, म्हणाल्या, या मुलीच्या पाळीतच याला धडधड कशी होते?"

मला हसू आवरेना. प्रेमात पडलेला माणूस निदान लपवू तरी शकतो. या बिचाऱ्याचं काळीज स्पीकरवर वाजत होतं. आणि माझं? माझं कुणी ऐकत नव्हतं, म्हणून मी शहाणी!

त्याची ताई रोज संध्याकाळी यायची. आई-वडील गेल्यावर तिनेच त्याला वाढवलेला. बाई तोंडाने फटकळ, पण भावाचे केस अगदी हलक्या हाताने विंचरायची. एकदा मला दारात गाठून म्हणाली, "सिस्टर, माझ्या भावाचा अंगठा तुमच्या हातात आहे."

"शब्दशः," मी म्हणाले.

ती हसली नाही. "कांडीचं टोक तो अंगठ्याने दाबून धरतो. थरथर आधी अंगठ्याला कळते म्हणतो, मग कानाला. अंगठा गेला तर अर्धा बहिरा होईल तो."

त्या दिवसापासून मी प्रोब टेकवताना मनातल्या मनात 'वाज रे बाबा' म्हणायला लागले.

एका संध्याकाळी चहासाठी त्याने फारच भुणभुण लावली. चहा-कॉफी बंद होती, त्यानेही रक्तवाहिन्या आक्रसतात. मी नाही म्हटलं तसा तो म्हणाला, "बरं, मग गोष्ट तरी ऐका. चहा पिताना सांगायची गोष्ट आहे, पण चालेल."

"सांगा."

"जुन्या बाजारामागे एक गल्ली आहे. तिच्याखालची लाइन माझ्या जन्माआधी बंद केलीय. दोन्ही टोकं सिमेंटने बुजवलेली, आत थेंब नाही. तरी कांडी लावली की पाणी ऐकू येतं. कुणीतरी सावकाश चालल्यासारखं."

हीटरची धग असूनही माझ्या दंडावर काटा आला. "खोटं."

"मलाही वाटलं. माझे गुरू म्हणाले, घाबरू नकोस. शेजारून दुसरी लाइन जाते, लोखंड तिचा आवाज उचलतं आणि आपला म्हणून सांगतं. आमच्या धंद्यातली पहिली चूक हीच. कांडी टेकवायची एका नळावर आणि ऐकायचं दुसऱ्याला."

"बघा! म्हणजे भूतबीत काही नाही."

"नाही..." तो थांबला. दिव्याच्या पिवळ्या उजेडात त्याचे डोळे खोल गेल्यासारखे दिसले. "फक्त त्या दिवशी दुरुस्तीसाठी शेजारची लाइनही बंद होती. झडप मीच फिरवली होती."

खोली एकदम फार शांत वाटली. मग तो मोठ्याने हसला आणि म्हणाला, "घाबरलात!" मी चिडून उशीची खोळ त्याच्या तोंडावर फेकली. पण तो खरं सांगत होता की थट्टा करत होता, हे मला आजही ठाऊक नाही.

दुसऱ्या दिवशी दिवेलागणीला मी जिना दोन-दोन पायऱ्या गाळत चढले. का, ते विचारू नका. इन्चार्ज सिस्टरनी त्याला दुखण्याची मोठी गोळी दिली होती, तो अर्धवट गुंगीत होता. खिडकीबाहेर उजेड विझत चाललेला, खोलीत तो एकच पिवळा दिवा. त्या उजेडात सगळंच गुलाबी, ऊबदार दिसायचं... भिंत, चादर, माझे हात, त्याचा अंगठा.

जेल जरा जास्तच पडलं. ओघळून खाली आलं. मी नेहमीसारखं डाव्या हाताचं बोट अंगठ्याखाली आधाराला धरलं आणि वरून प्रोब टेकवला.

हूश्-हूश्-हूश्-हूश्.

जोरात. घाईघाईने. मी गालातल्या गालात हसले. "आज फारच पळतोय की अंगठा!"

त्याने डोळे उघडले, पण तो हसला नाही. कान देऊन ऐकत राहिला.

"सिस्टर..."

"हं?"

"मला आज धडधड होत नाहीये. अंगात त्राणच नाही. तुम्ही आलात, बरं वाटलं, पण... सगळं शांत आहे आत." त्याने यंत्राकडे पाहिलं. "मग हा कोण पळतोय?"

माझं हसू जागच्या जागी थिजलं.

बाळंतिणींच्या वॉर्डातल्या एका जुन्या दाईबाईंनी मला पहिल्याच दिवशी बजावलं होतं, पोटावर यंत्र लावलंस की आईचं मनगट धर. नाहीतर आईचा ठोका ऐकशील आणि बाळ सुखरूप आहे म्हणून सांगशील. माझे दोन्ही हात अडकलेले होते. मी त्याच्या गळ्याकडे पाहिलं. तिथे कातडीखाली नाडी उडत होती. संथ. एकदा... मग बऱ्याच वेळाने परत एकदा. आणि यंत्र धावत होतं. हूश्-हूश्-हूश्-हूश्.

मी खालचं बोट काढून घेतलं.

यंत्र गप्प झालं.

बोट परत लावलं. हूश्-हूश्-हूश्-हूश्.

जिना चढून आलेली मी. छातीत धडधडणारी मी. प्रोब त्याच्या अंगठ्यातून आरपार माझ्या बोटातलं रक्त ऐकत होता. त्याच्या अंगठ्यात काहीच नव्हतं. मेलेल्या अंगठ्यात माझं काळीज वाजत होतं, आणि मी त्यावर कौतुकाने हसले होते.

मी दिवा बाजूला ढकलला. खिडकीतल्या उरल्यासुरल्या उजेडात अंगठा मेणासारखा पांढरा दिसला.

मग मी धावले. इन्चार्ज सिस्टर, सर्जन मॅडम, स्ट्रेचर, लिफ्ट. मॅडमनी सुई टोचून पाहिली, रक्ताचा टिपूस नाही. त्यांनी परत उघडला, गुठळी काढली, रक्त सुरू झालं, परत थांबलं. झाकणाने वाहिनी आतून चिरडलेलीच होती. सकाळी त्या बाहेर आल्या तेव्हा ताईने त्यांच्या तोंडाकडे पाहिलं आणि खाली बसली.

"तू वेळेत ओळखलंस," मॅडम मला म्हणाल्या. "दुपारी मी स्वतः पाहिला होता, छान होता. प्रयत्न करायला सापडला, तेवढा तुझ्यामुळे. यश आलं नाही, ते वेगळं."

सगळं खरं. पण त्या दिवसापासून मी त्याच्या समोर गेले नाही.

त्याला साध्या वॉर्डात हलवलं, मी पाळी बदलून घेतली. घरी गेला, मी जिन्यात उभी राहून पाठमोरा पाहिला. ड्रेसिंगला यायचा तेव्हा मी हटकून बाळंतिणींच्या वॉर्डात काम काढायची. लाज नव्हती ती. भीती होती. मला वाटायचं, तो माझ्याकडे पाहील आणि त्याला तो आवाज आठवेल. माझा हसरा, मूर्ख, धावता आवाज. घरी नळातून पाणी ठिबकलं तरी मी उठून तो घट्ट बंद करायची. आई म्हणाली, "पोरीला झालंय तरी काय? नळाशी भांडते!" आणि औषध म्हणून तिने एका मुलाला घरी चहाला बोलावलं.

एका सकाळी ड्रेसिंगच्या खोलीत जेलची बाटली घ्यायला गेले तर तो स्टुलावर बसलेला. पळायला वाव नव्हता. दारात इन्चार्ज सिस्टर उभ्या होत्या, आणि त्या मुद्दामच उभ्या होत्या, हे मला नंतर कळलं.

"बऱ्या आहात?" त्याने विचारलं.

"तुम्ही?"

"मजेत. आता अंगठेबहाद्दरही होता यायचं नाही, सही शिकावी लागेल डाव्या हाताने." मी हसले नाही, तसा तोही गंभीर झाला. "सिस्टर, एक विचारायचं होतं. अंगठा गेला. पण ठोका गेला नाही."

"फँटम म्हणतात त्याला," मी घाईने म्हणाले. "गेलेला अवयव आहे असं वाटतं. दुखतो, खाजतो. भास असतो तो. मेंदूला सवय असते."

"मॅडमनी सांगितलं. मी मानलं. पण..." त्याने उजवा हात मांडीवर ठेवला. जिथे अंगठा नव्हता तिथल्या रिकाम्या जागेकडे तो बघत होता. "मी मनगट धरून पाहिलं. हा ठोका माझ्याशी जुळत नाही. माझ्यापेक्षा भरभर आहे. दुपारी एकदम वाढतो, कुणीतरी जिना चढल्यासारखा. परवा रात्री जेवणानंतर कितीतरी वेळ हुंदके दिल्यासारखा चालला. आणि काल संध्याकाळी तर इतका मंद झाला की मला वाटलं, झोपलाच. काल संध्याकाळी काय करत होतात?"

काल संध्याकाळी मी आईने बोलावलेल्या त्या मुलासमोर बसले होते. तो तासभर त्याच्या गाडीबद्दल बोलत होता.

"काही नाही," मी म्हणाले. "कंटाळले होते."

"तेच," तो म्हणाला.

मी सिस्टरना बाहेर घालवलं आणि दार लावलं. मला खोटं ठरवायचं होतं त्याला. त्याला भिंतीकडे तोंड करून बसवलं. मी पाठीमागे, खोलीच्या दुसऱ्या टोकाला. डॉप्लरला कानात घालायची वायर जोडली, म्हणजे बाहेर आवाज नको. प्रोब माझ्याच मनगटावर टेकवला.

"जसं जाणवतंय तसं टेबलावर बोट वाजवा," मी म्हणाले.

त्याने वाजवलं. टक्... टक्... टक्...

कानात हूश्, टेबलावर टक्. हूश्, टक्. एकाच वेळी. मी श्वास रोखला. कानातला ठोका रेंगाळला, त्याचं बोटही रेंगाळलं. मग मला भीती वाटली आणि दोन्ही एकदमच धावत सुटले. त्याची पाठ तशीच, निश्चल. वळून पाहत नव्हता. फक्त बोट वाजत होतं, माझ्या आतलं सगळं त्या पत्र्याच्या टेबलावर मोकळं मांडत.

"बंद कर!" मी ओरडले. "माझा ठोका परत दे मला!"

बोट थांबलं. "मी घेतला नाही," तो भिंतीकडे बघतच म्हणाला. "तूच सोडून गेलीस."

मग तो वळला. चेहरा उतरला होता, पण डोळ्यांच्या कडेला हसू होतं. "अहो-जाहो गेलं वाटतं."

"थट्टा नको."

"नाही करत." त्याने डाव्या हाताने खिशातून गोळ्यांचं पाकीट काढून टेबलावर ठेवलं. न फोडलेलं. "मॅडमनी दिल्यात. या घेतल्या की भास बंद होतात म्हणे. मी घेतल्या नाहीत. तो आहे तोवर वाटतं, तू आहेस. पण तुला नको असेल तर तसं सांग. आज घेतो."

आता खरं सांगते. मला तो हवा होता. पहिल्या दिवसापासून, त्या लाल कानांपासून हवा होता. त्याच्या अंगात माझा ठोका आहे, या विचाराने अंगावर काटा येत होता आणि त्याच वेळी आत कुठेतरी ऊब वाटत होती. 'राहू दे' म्हटलं असतं तर सगळं तिथेच जमलं असतं. पण मग मी आयुष्यभर उघडी. रुसायची सोय नाही, लाजायची सोय नाही, त्याने विचारायच्या आधीच त्याला उत्तर माहीत. कांडी लावून ऐकलेली मी, सांगितलेली नव्हे.

"घे गोळ्या," मी म्हणाले.

त्याचा चेहरा पांढरा पडला. त्याने मान हलवली, पाकीट उचललं.

"आणि तो गप्प झाला," मी पुढे म्हणाले, "की मग ये. जे विचारायचं ते तेव्हा विचार. चोरून ऐकलेलं उत्तर मी देणार नाही."

तो पाकीट खिशात घालून निघून गेला.

तो आला नाही. दिवसांवर दिवस गेले. मी जिने चढले, पाय ऐकले, पोटं ऐकली. कधी मुद्दाम धावायची, कुणाला तरी कळावं म्हणून... आणि मग आठवायचं, आता कळणार नाही. एवढी एकटी मी कधीच नव्हते. स्वतःच सांगून बसले होते, तक्रार कुणाकडे करणार!

मग एका सकाळी कामावर निघाले होते. रात्रभर पडलेला पाऊस ओसरून बारीक भुरभुर उरली होती. चौकात पाणीखात्याची हातगाडी उभी. बंद दुकानाच्या पत्र्याखाली तो एकटाच, डाव्या हातात कांडी धरून.

"पावसात आमचं काम बंद असतं," तो म्हणाला. "सगळीकडे पाणीच वाजतं. काही वेगळं काढता येत नाही."

"मग इथे का उभा?"

"तुझी वाट इथूनच जाते म्हणून." त्याने ओठांवरून जीभ फिरवली. केसांतून पाणी ओघळून त्याच्या त्या मोठ्या कानांवरून ठिबकत होतं. "तो गप्प झाला. बरेच दिवस झाले."

"मग इतके दिवस?"

"धीर होईना." तो हसायला गेला, जमलं नाही. "आधी सगळं कळायचं. तू दमलीस, तू रडलीस, तू... आता काहीच ऐकू येत नाही. तू आत्ता चिडलीयेस की हसतेयस, तेसुद्धा कळत नाही मला. एवढा बहिरा मी कधी नव्हतो. आणि तरी विचारायचंय..."

"विचार ना."

"माझ्याशी लग्न करशील?"

माझ्या छातीत नुसता कल्लोळ चालला होता, सगळ्या चौकाला ऐकू जाईल एवढा. आणि समोर उभ्या या माणसाला त्यातलं अवाक्षरही कळत नव्हतं. तो माझ्या तोंडाकडे बघत होता. घाबरून. आशेने. मला त्याला थोडं ताटकळत ठेवावंसं वाटलं, आणि मी ठेवलं. मग मात्र दया आली.

"हो," मी म्हणाले. "हो. आता ऐकू आलं?"

त्याने कांडी टाकून दिली. ती रस्त्यावर खणखणत गेली. आम्ही दोघंही हसलो, रडलो, आणि त्याने त्याच्या चार बोटांच्या हातात माझा हात घट्ट धरला.

गोळ्या त्याने पुढे थांबवल्या, पण ठोका परत आला नाही. त्याला त्याचं वाईट वाटतं, मधूनच रिकाम्या जागेवर हात फिरवतो. ताई म्हणते, सुटलास एकदाचा. मी मान डोलावते आणि गप्प बसते.

कारण त्या सकाळी चौकातून हॉस्पिटलात पोहोचले, हातमोजे घालायला घेतले, आणि थांबले. माझ्या उजव्या अंगठ्यात काहीतरी उडत होतं. मी मनगट धरून पाहिलं. माझी नाडी अजून धावत होती. अंगठ्यातली मात्र संथ, भरदार, सावकाश. तेवढ्यात ती एकदम वाढली, कुणाला तरी काहीतरी आठवून आनंद झाल्यासारखी.

तेव्हापासून ती आहे. रात्री दिवा मालवल्यावर तो झोपल्याचं सोंग घेतो तेव्हा मला कळतं. माझ्यावर रागावून 'मी कुठे रागावलोय' म्हणतो तेव्हाही कळतं. मी त्याला अजून सांगितलेलं नाही. विचारेल तेव्हा बघू.